स्क्रीन काळी पडली? आधी टॉर्च मारा

जुना लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीठिक्कर? भंगारात काढू नका. रात्री वावरात ओलिताला नेता तीच टॉर्च स्क्रीनजवळ तिरपी धरा. आयकॉन पुसट दिसले तर पॅनल शाबूत, गेला तो मागचा उजेड.

झाकण हलवताना उजेड लुकलुकला, तर बिजागरीतली केबल पाहा. माझ्याकडे तीच निघाली. २०१० पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये या उजेडासाठी बारीक ट्यूब असते. सुरुवातीला लालसर झाक आली की ती थकली समजा. उजेड येऊन लगेच विझला, तर संशय इन्व्हर्टरवरही घ्या (घरचा नव्हे, स्क्रीनखालची लांबट पट्टी). तिथं शेकडो व्होल्ट असतात, चालू असताना बोट लावायचं नाही.

तोवर टीव्हीला जोडून सातबारा काढून घ्या.