जुन्या बाइकचा बल्ब सारखा उडतो? आधी अर्थिंग बघा

पावसाळ्यात माझ्या जुन्या बाइकचे तीन बल्ब उडाले. बल्ब बिचारा चांगलाच होता, दोष गंजलेल्या अर्थिंगचा. गोव्यातल्या खाऱ्या हवेत हे व्हायचंच.

१. रेग्युलेटरचा (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बोल्ट आणि अर्थिंगची वायर जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लागते ती जागा शोधा. माझ्याकडे तिथे हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. बोल्ट काढून पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. रेग्युलेटरला नीट अर्थिंग मिळालं नाही तर जादा व्होल्टेज थेट बल्बवर जातं.

२. रात्री रेस देऊन बघा. उजेड थोडा वाढणारच, पण बल्ब एकदम पांढराफटक भगभगला तर रेग्युलेटर गेलाय. तो बदलल्याशिवाय नवा बल्ब घालू नका, पैसे वाया जातील.

३. टेललाइट उडाला असेल तर लगेच बदला. मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) दिवे चालणाऱ्या जुन्या गाड्यांत एक बल्ब गेला की त्याचा ताण उरलेल्यांवर येतो.

४. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा आणि सुकू द्या. बोटाच्या तेलकट डागापाशी काच जास्त तापते.

होल्डर हलत असेल तर तोही घट्ट बसवा, खड्ड्यांत फिलामेंट तुटते.

एक सांभाळा: हेडलाइटला ३५/३५ वॅटच्या (हाय/लो बीम) बल्बच्या जागी ६०/५५ घालू नका. उजेड फारसा वाढत नाही, उलट होल्डर वितळू शकतो.