देशाची तब्येत आकड्यांवरून कशी तपासायची

बहुतेक जण काय करतात, सरासरी आयुर्मान शोधतात, देशांची यादी लावतात, जपान वर दिसतो, कुणीतरी खाली दिसतं, झालं काम. मीही बरीच वर्षं हेच करायचो. पण ॲव्हरेज म्हणजे झाकण असतं हो, आत काय शिजतंय ते बघायला ते उचलावं लागतं, आणि कसं उचलायचं तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे आयुर्मानाचा अर्थ नीट लावा. आयुर्मान ५० आहे म्हणजे तिथली माणसं पन्नाशीत मरतात असं नाही, लहान मुलं जास्त दगावत असली की आकडा धाडकन खाली येतो, जी पोरं पहिली पाच वर्षं काढतात ती बऱ्याचदा साठीच्या पुढे जातात. आणि हे काही भविष्य नाही, त्या वर्षीचे मृत्यूदर आज जन्मलेल्या बाळाला आयुष्यभर तसेच लागू राहिले तर ते किती जगेल एवढाच हिशोब. अमेरिकेत २०१९ ला ७८.८ होतं ते २०२१ ला ७६.४ झालं, कोविड हे त्यातलं मोठं कारण, म्हणून २०२१ ला जन्मलेली मुलं अडीच वर्षं कमी जगणार असं कुणी लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

साधा मृत्यूदर, म्हणजे हजार लोकांमागे किती मेले, यावरून दोन देशांची तुलना करूच नका. जपानमध्ये तो हजारी दहाच्या वर आहे आणि कतारमध्ये दोनाच्याही खाली, मग काय कतार जपानपेक्षा निरोगी? जपानमध्ये म्हातारी माणसं जास्त, कतारमध्ये बाहेरून कामाला आलेले तरुण जास्त, एवढीच त्यातली गंमत. वयानुसार जुळवून घेतलेला दर मिळतो, म्हणजे दोन्हीकडे म्हाताऱ्या-तरुणांचं प्रमाण सारखं असतं तर किती निघाला असता तो, तो घ्या.

मग विचारायचं की हा आकडा आला कुठून. हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. अनेक देशांमध्ये सगळ्या मृत्यूंची नोंदच होत नाही, मग घरोघरी जाऊन बायकांना विचारतात, मुलं किती झाली, किती राहिली, त्यावरून बालमृत्यूचा अंदाज बांधतात. बाळंतपणात गेलेल्या बाईला तर विचारता येत नाही ना, म्हणून तिच्या जिवंत भावंडांना विचारतात, तुमच्या बहिणी किती, त्यातल्या कोण गेल्या, जाताना गरोदर होत्या का. म्हणजे रिपोर्टमध्ये जो एकच पक्का आकडा दिसतो तो खरं तर अंदाज असतो, शेजारी त्याची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते, ती बघा. दोन देशांच्या मर्यादा एकमेकांत भरपूर घुसत असतील तर हा पुढे तो मागे असं बोलू नका.

आता विषमता, इथे वेळ घालवा. देशाचा आकडा बाजूला ठेवून तोच आकडा भागानुसार, उत्पन्नानुसार, शिक्षणानुसार, जात-वंशानुसार फोडून कुठे मिळतो का बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या रिपोर्टमध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं उदाहरण दिलं होतं, कॅल्टन भागात पुरुषांचं आयुर्मान ५४ आणि तिथून काही मैलांवरच्या लेंझीमध्ये ८२. एकच देश, तीच एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आणि २८ वर्षांचा फरक! आणि हे फक्त गरिबाचं दुखणं आहे असंही समजू नका. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ ला व्हाइटहॉल नावाचा अभ्यास सुरू झाला, सगळे पगारदार, कोणी उपाशी नाही, तरी सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या तिप्पटीहून जास्त निघालं, आणि सिगरेट वगैरे हिशोबात धरूनही फरक पूर्ण गेला नाही. म्हणजे जिना आहे, खड्डा नाही. म्हणून नुसतं वरचं आणि खालचं टोक बघू नका, मधल्या पायऱ्यापण मांडा.

फरक मोजताना एक हातचलाखी होते ती ओळखा. समजा गरीब गटात हजारी १०० मुलं दगावायची आणि श्रीमंत गटात ५०. काही वर्षांनी ५० आणि २० झालं. सरकार म्हणणार दरी ५० वरून ३० वर आली, विरोधक म्हणणार आधी दुप्पट होती आता अडीचपट झाली, आणि दोघंही खरं बोलतायत. वजाबाकी आणि भागाकार दोन्ही करा, आणि जो एकच दाखवतो त्याला दुसरा विचारा.

कॅन्सरच्या 'पाच वर्षं जगले' टाइप आकड्यांपासून जरा जपून. दक्षिण कोरियात तपासण्या वाढल्या तसं थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत २०११ ला १५ पट झालं, मृत्यू मात्र जवळपास होते तिथेच. जिवावर न बेतणाऱ्या गाठीही मोजल्या गेल्या की जगण्याची टक्केवारी आपोआप मस्त दिसते, जास्तीचं कोणीच वाचलं नसलं तरी. मृत्यूदर बघा, बास.

शेवटी व्यवस्था. सरकारी की खाजगी यावर भांडण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करा, पैसे कोण भरतं, उपचार कोण देतं, आणि कोणाकोणाला कशाकशाचं संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये १९४८ पासून करातून, जर्मनीत १८८३ पासून पगारातून कापलेल्या विम्यातून, कॅनडात विमा सरकारी पण बरेचसे डॉक्टर खाजगी, म्हणजे सरकारी-खाजगी असे दोनच डबे पुरत नाहीत. आणि खर्च जास्त म्हणजे तब्येत चांगली असंही नाही, अमेरिका जीडीपीच्या साधारण १७ टक्के खर्च करते आणि आयुर्मानात जपानच्या बरीच मागे आहे.

मी सगळ्यात आधी बघतो ते एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून किती जातं. हे प्रमाण १५-२० टक्क्यांच्या खाली आलं की आजारपणामुळे घर कर्जात बुडण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१० ला मांडलं होतं. पण इथेही एक गोम आहे, खिशातला खर्च कमी दिसतो कारण उपचार फुकट आहेत, किंवा मग माणसं डॉक्टरकडे जातच नाहीत! म्हणून 'गरज होती पण गेलो नाही' असं सांगणाऱ्यांचा आकडा शेजारी ठेवा, कारणांसकट, पैसे नव्हते, लांब होतं, रांग मोठी होती. आणि तोही मिळाला की सर्वेक्षण कोणाचं केलं ते बघा, कारण बहुतेक सर्वेक्षणं घरोघरी जाऊन होतात, ज्याला घरच नाही किंवा जो तुरुंगात आहे त्याचं दार कोणी वाजवलेलंच नसतं.