सॉफ्टबॉलचा स्किल्स व्हिडिओ करताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत मी हायस्कूलच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. उन्हाळा आला की त्यांच्या स्किल्स व्हिडिओच्या, म्हणजे कॉलेजच्या कोचला खेळ दाखवायला केलेल्या व्हिडिओच्या, लिंका माझ्या फोनवर यायला लागतात. "ताई, कोचला पाठवायच्या आधी एकदा बघाल का?" बघते. आणि दर वर्षी त्याच त्या चुका दिसतात. ढणढणतं गाणं, स्लो मोशन, जाळीआडून केलेलं शूटिंग, गुडघ्यापाशी कापलेले पाय. मुलगी चांगली खेळते हे मला माहीत असतं, कारण मी तिला मैदानावर पाहिलेलं असतं. कॉलेजच्या कोचने पाहिलेलं नसतं. तिच्यापाशी फक्त तो व्हिडिओ असतो, आणि त्यात मुलीचा खेळच सापडत नाही.

आपल्या मराठी घरांमध्ये हा घोळ जरा जास्त होतो, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल खेळलेल्यांना निवड म्हणजे जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या माहीत. मैदानावर जायचं आणि निवड समितीसमोर खेळून दाखवायचं. इथे कोच दुसऱ्या राज्यात बसलेली असते आणि कुठल्या मुली प्रत्यक्ष बघायला जायचं, याची पहिली चाळणी ती बऱ्याचदा व्हिडिओवरच लावते. आता ती चाळणी आणखी बारीक झाली आहे. पूर्वी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, सॉफ्टबॉल टीमला १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातल्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा राहिली नाही, पण टीममध्ये २५ च खेळाडू ठेवता येतात. जागा मोजक्या म्हटल्यावर कोच कुणाच्या व्हिडिओवर किती वेळ घालवणार?

सजावट

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाने मुलीचा व्हिडिओ पैसे मोजून एका एडिटिंगवाल्याकडून करून घेतला. मुलगी शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर, हात वेगवान, डोकं शांत. व्हिडिओ सुरू झाला की आधी ज्वाळा, त्यातून गरगर फिरत आलेलं नाव, मग तिचे लहानपणापासूनचे फोटो, मग टीमचा लोगो. लग्नाच्या व्हिडिओत नवरानवरीची नावं बदामातून बाहेर येतात, अगदी तसं. पहिली स्विंग दिसायला अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं, आणि ती आली तीही स्लो मोशनमध्ये. बॅट बॉलला लागली की कट. बॉल कुठे गेला, पत्ता नाही. वडिलांनी तो व्हिडिओ वीसेक कॉलेजांना पाठवला आणि घरात सगळे उत्तराची वाट बघत बसले.

त्याच सुमारास एका कॅम्पमध्ये एका कॉलेजच्या असिस्टंट कोचशेजारी बसायचा योग आला. दुपारच्या सुट्टीत ती लॅपटॉपवर आलेले व्हिडिओ चाळत होती. आवाज बंद. एका हातात सँडविच, दुसरा हात माउसवर. व्हिडिओ उघडायचा, पाच-सात सेकंद बघायचं, पट्टी पुढे सरकवायची, परत बघायचं. खेळ दिसला तर थांबायची, नाही तर पुढचा ई-मेल. नावाच्या चकचकीत पाट्या ती बघतसुद्धा नव्हती. एका मुलीचे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, मात्र तिने मागे नेऊन दोनदा पाहिले आणि वहीत काहीतरी टिपून ठेवलं. तो व्हिडिओ फोनवर काढलेला होता. मागे कोपऱ्यात कुणाची तरी पाण्याची बाटली आणि बॉलची बादली दिसत होती. त्याने काही बिघडलं नाही.

घरी येऊन मी त्या शॉर्टस्टॉपच्या वडिलांना सांगितलं, दादा, हा व्हिडिओ बाजूला ठेवा आणि शनिवारी तिला मैदानावर घेऊन या. ट्रायपॉड, फोन आणि बादलीभर बॉल एवढ्यावर एका संध्याकाळी शूटिंग झालं. संगीत नाही, इफेक्ट नाही. नवा व्हिडिओ गेल्यावर दोन ठिकाणांहून तिच्या स्पर्धांचं वेळापत्रक मागणारे ई-मेल आले. मुलगी तीच होती आणि खेळही तोच होता.

स्लो मोशन का नको, तेही सांगते. कोचला बॅटचा वेग बघायचा असतो आणि स्लो मोशन नेमका तोच झाकते. कट का नको? प्रत्येक स्विंगनंतर कट असला की बघणाऱ्याला वाटतं, मधल्या फसलेल्या स्विंग काढून टाकल्या असणार. म्हणून माझी पद्धत अशी: आठ-दहा स्विंग सलग, एकाच शॉटमध्ये. त्यातली एखादी फाउल गेली तर जाऊ द्या. मुलगी पुढच्या बॉलला स्वतःला कशी सावरते, हेही कोच बघत असते. सगळा व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांत आटपा आणि मुलीचं सगळ्यात भक्कम कौशल्य पहिलं ठेवा.

कॅमेरा बॉलच्या मागे धावतो

हाताने फोन धरला की माणूस नकळत बॉलच्या मागे जातो. ग्राउंडर येतो, मुलगी उचलते, थ्रो करते, आणि फोन वळेपर्यंत बॉल फर्स्ट बेसवर पोचलेला असतो. दिसतं काय? हिरवं-तपकिरी फरफटलेलं चित्र. किंवा मग फ्रेम इतकी जवळची घेतात की चेहरा छान दिसतो आणि पाय गायब. इनफिल्डरचं, म्हणजे बेसजवळच्या फील्डरचं, निम्मं कौशल्य पायांत असतं. बॉल यायच्या आधीची तयारी, पहिलं पाऊल, उचलताना कमरेत किती वाकली, ग्लोव्हमधून हातात बॉल किती पटकन आला, थ्रो करताना पाय कुठे वळले, आणि शेवटी बॉल फर्स्ट बेसवालीच्या ग्लोव्हमध्ये छातीपाशी पडला की तिला उडी मारायला लागली. ही साखळी अखंड दिसायला हवी.

मी ट्रायपॉड फर्स्ट बेसच्या बाहेर, फाउल लाइनच्या पलीकडे लावते. थ्रो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, आणि शॉर्टस्टॉप व फर्स्ट बेसवाली दोघीही फ्रेममध्ये राहतात. ट्रायपॉडपाशी कुणीतरी मोठं माणूस उभं करा, सुटलेला थ्रो तिकडेच येतो. दुसरा शॉट होम प्लेटच्या बाजूने, समोरून. मग फोनला हात लावायचा नाही. ग्राउंडर सगळ्या तऱ्हेचे घ्या: सरळ येणारे, डावीकडचे, उजवीकडचे, बॅकहँडचे आणि शेवटी हळू घरंगळत येणारे, ज्यांच्यावर पुढे धावून यावं लागतं. हे शेवटचे बहुतेक जण गाळतात, कारण ते अवघड असतात. अवघड म्हणूनच कोच ते शोधते.

आउटफिल्डच्या मुलींनाही हेच लागू. फ्लाय बॉल झेलताना फक्त आकाशाचं शूटिंग करून कुणाचं भलं होत नाही. बॉल बॅटवरून सुटला की मुलीचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं ते दिसू दे, आणि होमकडे केलेला थ्रो शेवटपर्यंत दिसू दे.

पिचर आणि कॅचर

पिचरसाठी, म्हणजे बॉल टाकणारीसाठी, टेप घेऊन होम प्लेटपासून ४३ फूट मोजा. हायस्कूल आणि कॉलेजचं अंतर तेच आहे. १२ वर्षांखालच्या मुली ४० फुटांवरून टाकतात, आणि त्या जुन्या खुणेवरून शूटिंग केलेले व्हिडिओ मी पाहिले आहेत. कोचच्या नजरेतून ते सुटत नाही. अँगल तीन: कॅचरच्या मागून, पिचरच्या मागून आणि बाजूने, म्हणजे हाताचा फेरा आणि मागच्या पायाचं ओढणं दिसतं. कॅचरच्या मागचा फोन जाळीमागे सुरक्षित ठेवा. प्रत्येक पिचच्या आधी तिने तिचा प्रकार मोठ्याने सांगावा: फास्टबॉल, चेंजअप, ड्रॉप, राइज. नुसतं फास्टबॉलवर फास्टबॉल टाकणाऱ्या मुलीबद्दल कोचला काही कळत नाही. चेंजअप, म्हणजे फसवा हळू बॉल, लवकर दाखवा.

कॅचरचा पॉप टाइम म्हणजे बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. होमपासून सेकंडपर्यंत साधारण ८४ फूट १० इंच भरतात. दोन्ही टोकं एकाच शॉटमध्ये, मध्ये कट न करता दिसू द्या. कोच स्वतः स्टॉपवॉच लावते. वर आकडा लिहायची गरज नाही.

आकड्यांवरून आठवलं. रडारवर ताशी ५७ मैल आलं असताना ६० लिहू नका. कृपा करून नको. कॅम्पमध्ये रडार असतं, तिथे मुलगी एकटी उभी असते, आणि तुम्ही फुगवलेल्या आकड्याचं ओझं तिच्या खांद्यावर असतं. एवढ्याशा लेकराला त्या जागी ढकलू नये.

झटपट उरकायच्या गोष्टी

फोन आडवा धरा. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवा. जाळीतून शूटिंग करायचंच असेल तर लेन्स जाळीच्या भोकाला चिकटवा, नाहीतर फोन तारेवर फोकस करून बसतो. मागून "शाब्बास बेटा" ओरडू नका. दिवसभराच्या स्पर्धेनंतर दमलेल्या मुलीचं शूटिंग करू नका. बॅटिंगचा एक शॉट समोरच्या बाजूने घ्या, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मुलगी दिसेल, आणि एक मागून, म्हणजे बॉल कुठे जातोय ते कळेल. डावखुरी स्लॅपर, म्हणजे पुढे धावत बॉलला टोला देणारी, असेल तर फर्स्ट बेसला पाय लागेपर्यंत धाव दाखवा.

सुरुवातीची पाटी पाच सेकंदांची: नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, बॅटिंग आणि थ्रो कुठल्या हाताने, उंची, जीपीए (गुणांची सरासरी), शाळा, ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरची क्लब टीम), ई-मेल. घरचा पत्ता घालू नका.

घाई

आठवीतल्या मुलीचा व्हिडिओ करून पन्नास कॉलेजांना पाठवणारे पालक मला दर वर्षी भेटतात. मुलीची स्विंग अजून बदलते आहे, उंची वाढते आहे. तो वेळ सरावाला द्या. पैसे घेऊन "आम्ही तुमच्या मुलीला कॉलेजात पोचवू" म्हणणाऱ्यांच्या नादीही लागू नका. फोन, ट्रायपॉड आणि सरळ इंग्रजीत लिहिलेला ई-मेल यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही.

दुसरी घाई म्हणजे उत्तर आलं नाही की खचून जाणं. डिव्हिजन वनच्या कोचला ज्युनियर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या, १ सप्टेंबरच्या आधी मुलीशी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे टीममध्ये घेण्याबद्दल, बोलता येत नाही. सॉफ्टबॉलला हा नियम २०१८ पासून लागू आहे. नववी-दहावीतल्या मुलीला आलं तर कॅम्पचं आमंत्रण किंवा फॉर्म येतो, बाकी शांतता. त्या शांततेत कोच व्हिडिओ बघत असू शकते. घरात मात्र तेवढ्यात "तुझं काही खरं नाही" असं बोललं जातं, आणि पोर ग्लोव्ह कोपऱ्यात टाकते. असं एका मुलीच्या बाबतीत झालेलं मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण तिथले नियम सैल आहेत आणि अभ्यासाच्या जोरावर मदत मिळू शकते. ती कॉलेजं यादीतून उगाच खोडू नका.

लिंक आणि ई-मेल

यूट्यूबवर व्हिडिओ "अनलिस्टेड" ठेवा. "प्रायव्हेट" ठेवलात तर कोचला तो उघडतच नाही. ड्राइव्हची लिंक परवानगी मागत बसते, आणि परवानगी मागून थांबायला कोणाकडे वेळ नसतो. पाठवण्याआधी लिंक अशा फोनवर उघडून बघा जिथे तुमचं खातं नाही. शेजारच्या काकूंचा फोन चालेल.

ई-मेल मुलीने लिहायचा. बाबांनी नाही. विषयाच्या ओळीत ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन आणि नाव. मजकुरात त्या कॉलेजबद्दल तिला खरंच काय आवडतं ते दोन ओळींत. इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल. कोचला चार वर्षं तिच्याशी बोलायचं असतं, तुमच्याशी नाही.

दर सीझनला नवा व्हिडिओ करा. तो झाला की त्याच ई-मेलच्या थ्रेडवर नवी लिंक पाठवा, सोबत पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक, मैदानाचा क्रमांक आणि जर्सीचा नंबर, आणि जुना व्हिडिओ काढून टाका.