एकट्याने मांडवा? वाऱ्याआधी तिथी बघा

लेजर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) उभी करता येते, टॅक-जाइब (वाऱ्यासमोरून आणि वाऱ्याकडे पाठ करून वळणं) जमतात, उलटलेली होडी आपली आपण सरळ करता येते, क्लबच्या त्याच तीन बोयांभोवती (पाण्यावर नांगरलेल्या तरंगत्या खुणांभोवती) फिरून कंटाळा आलाय आणि समोर मांडव्याचे डोंगर खुणावताहेत, अशा मंडळींसाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी आधी तेवढं शिकून घ्या. बोलाइनची गाठ कशी बांधायची ते मी इथे सांगणार नाही.

आपला मोसम ऑक्टोबर ते मे. या दिवसांत मुंबई बंदरातला वारा बऱ्यापैकी वेळ पाळतो. सकाळी जमिनीवरून मतलई, मध्यान्हीला तो पडतो, मग समुद्रावरून, वायव्येकडून खारा वारा उभा राहतो आणि दोन ते चारच्या सुमारास जोरावर येतो. मार्च-एप्रिलमध्ये १५ नॉट (ताशी सागरी मैल) सहज. हे सगळे शिकवतात. पाण्याची गोष्ट निघाली की मात्र "भरती-ओहोटी बघून जा" म्हणतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. अहो, पण बघायचं म्हणजे काय बघायचं?

तेच सांगते, आणि जरा पाल्हाळ लावूनच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास आणि तिथून संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत ओहोटी. मिनिटांसाठी अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं कोष्टक आहेच, पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो. आता पुढे. ओहोटीचे सहा तास सारखे नसतात. पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला, इथे चार मीटरहून जास्त पाणी चढतं-उतरतं, आणि ते मधले दोन तास येतात दोन ते चारच्या आसपास. खारा वारा जोरात असतो तेव्हाच! एखाद्या दिवशी जुळलेला हा योग नाही. मुंबईत दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला हेच होतं.

त्यात मांडवा गेटवेच्या दक्षिण-आग्नेयेला, साधारण १४ किलोमीटरवर. परत यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर आणि ओहोटीच्या उलट.

मी हे धुळवडीच्या दुपारी शिकले. सुट्टीचा दिवस, पाऊण वाजता टम्म भरलेलं बंदर. जाताना इतकं सुख की विचारू नका. वारा पाठीशी, पाणीही त्याच बाजूला चाललेलं, त्यामुळे लाट अशी नाहीच. होडी तरंगत नव्हती, घसरत होती. अर्धी वाट सरल्यावर वळले आणि तोच वारा दुप्पट वाटायला लागला. तरी शीड ताठ, मी बाहेर झुकलेली, पाणी सपासप मागे जातंय, म्हणजे वेग चांगला असणार ना? मग शेजारच्या हिरव्या बोयाकडे लक्ष गेलं. तो हलतच नव्हता. दोन टॅक घेतले, तरी बोया तिथेच. त्याच्या उत्तरेच्या अंगाला पाणी फुगून आलेलं आणि दक्षिणेला फेसाची लांब शेपटी. जागेवर नांगरलेला बोया माझ्यापेक्षा जोरात पळतोय असं दिसत होतं.

हिशोब साधा आहे. लेजर वाऱ्यावर चढताना चार नॉटने पळाली तरी टॅक करत करत वाऱ्याच्या दिशेने पदरात पडतात अडीच-तीन. उधाणाची ओहोटी दोनच्या पुढे खाते. उरलेलं लाटा खातात, कारण बंदराच्या तोंडाशी बाहेरून येणारी लाट आणि बाहेर जाणारं पाणी समोरासमोर भिडतं. लाटा आखूड आणि उभ्या होतात, प्रत्येक लाटेला होडी थबकते.

शेवटी ससून डॉककडे परतणाऱ्या एका मासेमारी मचव्याने दोर टाकला. तांडेलकाका म्हणाले, "ताई, पुनवेच्या सुकतीत वर चाललाव? पानी फिरंल तवा निघायचं." सुकती म्हणजे ओहोटी. त्यांनी पुढे दहा मिनिटांत मला जे सांगितलं ते विकतच्या कोर्समध्ये मिळालं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे: वाऱ्याच्या अ‍ॅपवर हिरवा रंग बघून निघणाऱ्यांनी आधी एक सकाळ कोळ्यांच्या धक्क्यावर काढावी.

घाबरवायचा हेतू नाही. इथलं पाणी कोमट असतं, उलटलात तर गारठून जात नाही, आणि बंदरात लाँचची ये-जा चालू असते. होडी सोडून पोहत सुटू नका, एवढं पाळा. उथळ जागी होडी पूर्ण उपडी झाली तर डोलकाठी गाळात रुतते, म्हणून सेंटरबोर्डवर (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) लगेच चढायचं. लाइफ जॅकेटबद्दल चर्चा नको.

मग जायचं कधी? अष्टमीला. आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी संपते. आठला मतलईवर निघा, मंद ओहोटी सोबत देईल. दुपारी वारा वायव्येचा होतो तेव्हा भरती तुम्हाला आत ढकलत असते. शिवाय भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरती-ओहोटीचं, पाणी मुळातच सुस्त. टॅक तेवढेच घ्यावे लागतील, पण बोया मागे पडताना दिसतील. खात्री करायची तर ताजचा घुमट आणि त्यामागची एखादी उंच इमारत एका रेषेत धरा. रेषा कुठल्या बाजूला मोडतेय त्यावरून पाणी तुम्हाला कुठे नेतंय ते कळतं.

घारापुरीला जाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. परतताना ओहोटी आडवी लागते. नाक ताजकडे आणि होडी कुलाब्याच्या खाली, अशी गत होते. नाक मुद्दाम उत्तरेला धरून या. जवाहर द्वीपच्या तेल धक्क्यांपासून लांब राहा, न्हावा शेव्याच्या कंटेनर जहाजांपुढून "निघून जाऊ" म्हणू नका. बंदराबाहेरच्या खांदेरी बेटाचं नाव पहिल्या वर्षी काढू नका. कुणी दिलीप दोंद्यांचा दाखला देईल. ते २०१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून याच बंदरात परतले, खरंय, पण ५६ फुटी म्हादेईतून. आपली होडी १४ फुटांची.

निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगा, आणि ती उलटली तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करायचा हेही सांगा. नुसतं "येते संध्याकाळपर्यंत" म्हटलं तर तो साडेसातपर्यंत चहा पीत बसेल.