गुड फ्रायडेच्या आधी तरुण संघात प्रायश्चित्ताचा पाठ कसा घ्यायचा

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की पाळक साहेब कुणाला तरी धरतात, यंदा चर्चच्या तरुण संघाचा पाठ तू घे म्हणून, आणि विषय ठरलेला, प्रायश्चित्त, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणानं माणसाच्या पापाची भरपाई कशी झाली ते. मग आपण काय करतो, बायबलमधल्या रोमकरांस पत्रातली चार वचनं काढतो, पाप, मरण, क्रूस, तारण असं एका दमात म्हणून टाकतो, पोरं मोबाईल बघत आमेन म्हणतात आणि चहा येतो. वचनं बरोबरच आहेत हो, पण ज्या प्रश्नाचं ते उत्तर आहे तो प्रश्नच कुणी विचारलेला नसतो.

म्हणून आधी विचारा, एखाद्याला माफ केलं तर झालेलं नुकसान कुणाच्या अंगावर पडतं? गल्लीतली भिशी घ्या. एकानं पहिल्यांदाच भिशी उचलली आणि नंतर हप्ते भरायचे बंद केले. भिशी चालवणारी काकी म्हणाली जाऊ दे, मी भांडत नाही, तरी पुढच्या महिन्यात पैसे कमी पडणारच, आणि ते तिनं स्वतःच्या पाटल्या मोडून घातले. माफी तिनं दिली आणि खड्डाही तिनंच भरला. क्रूसावर देवानं हेच केलं असं ख्रिस्ती माणूस मानतो. एवढं पोरांच्या ध्यानात आलं की भिशी सोडा, जास्त ताणू नका, नाहीतर व्याज किती यावर चर्चा जाते.

मग बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 16 वा अध्याय मोठ्यानं वाचायला लावा, आळीपाळीनं, घाई न करता. वर्षातून एक दिवस, दोन बकरे, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं कुठला कशासाठी. एक कापायचा आणि त्याचं रक्त पडद्याच्या आत, परमपवित्र जागेत नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर शिंपडायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करणार आणि तो जिवंत रानात हाकलायचा. कोल्हापुरात बकरं म्हटलं की पोरांना पांढरा रस्साच आठवतो, हसू द्या, मग विचारा की दोन कशाला? एकानं भागलं नसतं काय? बोलू द्या त्यांना. एकात शुद्धी आहे आणि दुसऱ्यात पाप उचलून लांब नेणं आहे, आणि क्रूसाबद्दल बोलताना आपल्याला दोन्ही लागतात. ज्यू लोक हा दिवस योम किप्पूर म्हणून आजही पाळतात, फक्त यरुशलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडल्यापासून बळी नाही, उपास आणि प्रार्थना असते. इथून थेट इब्री 10 वर या, बैलाबकऱ्यांच्या रक्तानं पाप जात नाही म्हणून ते दरवर्षी परत करावं लागायचं, ख्रिस्तानं एकदाच केलं. वेळ असला तर यशया 53 पण घ्या, तिथं दुसऱ्यांची पापं स्वतःवर घेणारा देवाचा सेवक आहे.

आता एक जागा सांभाळायची. आपल्याकडचे काही उपदेश ऐकून पोरांना वाटतं की देवबाप लई तापला होता, कुणाला तरी मारायचंच होतं, म्हणून पोराला मारलं. असं शिकवू नका राव. योहान 10:18 दाखवा, येशू म्हणतो माझा प्राण कुणी घेत नाही, मी स्वतः देतो. आणि 2 करिंथ 5:19, देव स्वतःच ख्रिस्तामध्ये जगाचा समेट करत होता. बाप एकीकडे आणि पुत्र दुसरीकडे असं ते नाहीच.

चर्चच्या इतिहासात हे समजून घ्यायचे मार्गही बरेच झाले. अन्सेल्म या आर्चबिशपनं 1098 च्या सुमारास मांडलं की पापामुळं देवाच्या मानाचं देणं थकलं आणि ते ख्रिस्तानं फेडलं, बाराव्या शतकातला फ्रेंच पंडित आबेलार म्हणाला क्रूसावरचं प्रेम बघून माणूस बदलतो, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननं शिक्षा आपल्या जागी येशूनं भोगली यावर भर दिला, आणि 1930 च्या सुमारास गुस्ताफ औलेन या स्वीडिश पंडितानं आठवण करून दिली की सुरुवातीची मंडळी याला सैतान आणि मरणावरचा विजय मानायची. पोरांना नावं सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असावीत, कारण कुणीतरी एकच धरून बसतो आणि बाकीच्यांना पाखंडी ठरवतो. बायबलमध्ये या सगळ्यांना जागा आहे.

शेवटी कॉलेजातल्या मित्रांचा प्रश्न निघणारच, तुमच्यात नुसतं सॉरी म्हटलं की सुटतं काय? घरात, पाहुण्यात सगळ्या धर्माची माणसं आहेत, त्यामुळं त्यांच्या उपास-नवसाला नावं ठेवून उत्तर देऊ नका. लूक 19 उघडा. जक्कय, मुख्य जकातदार, म्हणजे लोकांकडून कर वसूल करणारा, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, आणि त्यानंतर हा म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. क्रम बघायला सांगा. परतफेड करून माफी विकत घेतलेली नाही, पण माफी मिळाल्यावर दुसऱ्याचे पैसे खिशात ठेवून तो बसला पण नाही. म्हणजे कुणाचे पैसे दाबलेत, भावाशी वाटणीवरून बोलणं बंद आहे, तर प्रभूभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या आधी त्याच्या दारात जायचं, मत्तय 5:23-24 हेच सांगतं.

पण ज्या पोरीला किंवा पोराला कुणी मारहाण केली, त्रास दिला, तिला त्या माणसाकडे समेटाला पाठवायचं नाही, तिनं माफ केलंच पाहिजे असा जोर करायचा नाही. आपल्यावर असं काही झालंय असं कुणी सांगितलं तर पाठ तिथंच थांबवा, सगळ्यांसमोर खोदून विचारू नका, नंतर पाळक साहेब आणि भरवशाच्या एखाद्या बाईंना घेऊन तिच्याशी वेगळं बोला, आणि पोलिसात जायची गोष्ट असली तर सोबत जा.