नव्या देशात पाळणाघर ठरवताना

नोकरी पक्की झाली की घर मिळायची वाट न बघता पाळणाघरांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला, तेही तीन-चार ठिकाणी. तान्ह्या बाळांच्या जागा लवकर भरतात, कारण एका व्यक्तीकडे मोजकीच बाळं सोपवता येतात.

लसीकरणाची नोंद तारखांसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी निघण्यापूर्वीच घ्या. तिथल्या वेळापत्रकात एखादी लस जास्तीची असू शकते आणि तेवढ्यावरून प्रवेश अडतो.

पाळणाघर बघायला मुलं जागी असतील अशा वेळी जा. परवाना बघा, उशिरा नेल्यास दंड किती ते विचारा. आजारपणाचा नियम मात्र शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच ठिकाणी ताप उतरल्यावरही २४ तास मुलाला घेत नाहीत. सुरुवातीचे काही महिने मूल वरचेवर आजारी पडतं. तेव्हा रजा शिल्लक ठेवा आणि कोणत्या दिवशी कोण घरी थांबणार, हे आधीच ठरवा.

रुळायला एक-दोन आठवडे धरा. पहिल्या दिवशी तासभर, तुम्ही सोबत. मग वेळ वाढवत न्या. कामावर रुजू होण्याची तारीख त्यानंतरचीच घ्या. पाणी, भूक, शू, दुखतंय यांसाठी मूल घरी जे शब्द वापरतं, ते तिथल्या लिपीत उच्चारासह लिहून द्या.