कॅम्परव्हॅन नळाला जोडताना या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईतल्या पाम बीचच्या टॉवरमध्ये पोडियमवर गाड्या धुवायला एक नळ असतो. सहलीच्या आदल्या रात्री कॅम्परव्हॅनवाले बिनधास्त त्यालाच पाइप लावतात. नळ साधा, अर्ध्या इंचाचा, पण त्याच्या पाठीशी गच्चीवरची टाकी असते. दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) धरा. पंचवीस मजले, तीन मीटरचा मजला, म्हणजे खाली साडेसात किलो. टॉवरच्या शाफ्टमध्ये खालच्या मजल्यांसाठी प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, पण गाड्या धुवायची लाइन त्यांच्या आधी निघाली आहे की नंतर, हे सोसायटीच्या प्लंबरलाच विचारावं लागतं. इकडे व्हॅनच्या टाकीतलं पाणी आतल्या नळांना देणारा बारा व्होल्टचा पंप साधारण पावणेतीन-तीन किलोला आपोआप थांबतो. आतले पाइप, जोड, शॉवर, गीझर यांना रोजची सवय तेवढ्याचीच.

जोड सुटला की 'महापालिकेने प्रेशर वाढवलं असेल' म्हणून लोक मोकळे होतात. महापालिकेचं पाणी, मोरबे धरणाचं असो की शहाड-टेमघर योजनेचं, सोसायटीत आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं. त्याचा जोर तिथेच संपतो.

नळ अर्धाच उघडणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती शहाणपण म्हणून सांगितली जाते. 'साहेब, नळ थोडाच सोडलाय, काही होत नाही,' असं वॉचमनही सांगतो. नळ दाबून धरला की पाणी कमी येतं, हे खरं. पण ते वाहतंय तोवरच. आतले सगळे नळ बंद झाले की पाणी थांबतं आणि मग बाहेरचा नळ पाव उघडा असो की पूर्ण, आतलं प्रेशर चढत चढत बाहेरच्याएवढं होतंच. रात्री सगळे झोपल्यावर सिंकखालचा जोड सुटतो तो याचमुळे.

खात्री करायची तर पाइपच्या टोकाला प्रेशर गेज लावा आणि नळ जेमतेम उघडा. काटा आधी रेंगाळतो, मग सरकत जातो आणि पूर्ण उघड्या नळाला जिथे थांबला असता तिथेच येऊन थांबतो. गेज वाचायचा तो पाणी पूर्ण थांबलेलं असतानाच. एखादा नळ चालू ठेवून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही.

रेग्युलेटर आहे, पण चुकीच्या जागी

खरा उपाय प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह. पितळी, स्क्रूने सेट होणारा आणि गेज असलेला घ्या, तीन किलोच्या आत ठेवा. तो व्हॅनच्या तोंडाशी न लावता नळाला लावायचा, म्हणजे मधला पाइपही वाचतो. फिल्टर असेल तर तो रेग्युलेटरच्या नंतर. अंगावरच्या बाणाची दिशाही बघा. उलटा बसवलेला रेग्युलेटर काम करत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या परदेशी रेग्युलेटरचं एक वेगळंच दुखणं आहे. अमेरिकन गार्डन होजचे आटे आपल्याकडच्या बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांशी जुळत नाहीत. एक-दोन फेरे बसतात, मग लोक टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळतात. असा जोड प्रेशर आलं की उडतो. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा, आपल्याच आट्यांचा व्हॉल्व्ह घ्या किंवा योग्य अडॅप्टर शोधा.

शॉवरची धार बारीक झाली म्हणून लगेच स्क्रू पिळू नका. आधी रेग्युलेटरची जाळी काढून बघा. सोसायटीची टाकी नुकतीच साफ झाली असेल तर जाळीत गाळ सापडेलच. आणि सगळे नळ बंद असताना गेजचा काटा रात्रभर हळूहळू वर जात असेल, तर आतल्या सीटमध्ये, म्हणजे वॉशर टेकतो त्या जागी, कचरा अडकलाय किंवा वॉशर गेलाय. तो व्हॉल्व्ह साफ करून किंवा बदलूनच वापरा.

टाकी आपोआप का भरते?

व्हॅन नळाला जोडलेली, पंप बंद, तरी व्हॅनची टाकी भरून खालून पाणी वाहतंय? पंपातला पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह गळतोय. लोक टाकीला भोक पडलंय समजून व्हॅनखाली बॅटरी घेऊन शोधत बसतात. बाहेरचा नळ बंद करा, पंप उघडून तो व्हॉल्व्ह साफ करा, नाहीतर बदला.

साठवणीच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंबथेंब गळतो. तापलेलं पाणी फुगतं, ते कुठेतरी जाणारच. सतत धार लागली तर प्रेशर तपासा. पण त्या व्हॉल्व्हला एम-सील फासून बंद करू नका. हे करणारे महाभाग आहेत आणि हा प्रकार स्फोटापर्यंत जाऊ शकतो.

कोकणात वेगळीच तऱ्हा

कृषी पर्यटन केंद्रावर उंच टाकी नसते असं नाही, पण कित्येक ठिकाणी पाणी थेट मोटरवर. 'थांबा दादा, मोटर लावतो' असं कानावर आलं की आधी पाइप व्हॅनपासून सोडवा. लाइनीतली हवा आणि तिच्यामागून येणारं पाणी असा दणका देतात की रेग्युलेटरही दर वेळी सांभाळून घेईलच असं नाही. दोन-तीन मिनिटं पाणी मोकळं वाहू द्या, हवा आणि गढूळपणा जाऊ द्या, मगच जोडा.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे व्हॅन कायम नळाला जोडून ठेवण्यात अर्थच नाही. पाणी येतं ठरावीक वेळी, प्रेशरचा भरवसा नाही. टाकीच्या उघड्या तोंडातून पाणी भरा, झाकण लावा आणि पंपावर चाला. उघड्या तोंडाने भरताना वर कितीही मजले असले तरी आतल्या पाइपांवर त्याचा ताण येत नाही. जोडायचीच असेल तर व्हॅन सोडून जाताना आणि झोपताना बाहेरचा नळ बंद करा, मग आतला एखादा नळ क्षणभर उघडून पाइपातलं प्रेशर सोडून द्या. दोन्ही टोकं बंद असलेला, पाण्याने भरलेला पाइप एप्रिलच्या उन्हात तापला की त्यात पुन्हा प्रेशर चढतं.